‘संपलं’ म्हणणारा माणूस

आमच्या मुकुंदवाडीत कुणालाबी विचारा, टँकरवाले कचरूभाऊ कुठं राहतात, तर लोक आधी हसतील आन् मग घर दाखवतील. हसायचं कारण मी. लग्नाच्या आधी मी ह्या माणसाला भर रस्त्यात असल्या शिव्या घातल्या व्हत्या की गल्लीतल्या म्हाताऱ्या अजून त्या आपल्या नातसुनांना सांगतात.

त्याचं असं झालं. दुष्काळाचं साल व्हतं. मुकुंदवाडी तवा खेडंच, पण शेजारी सिडकोच्या कॉलन्या उठत व्हत्या आन् आमच्या विहिरी तळाला चालल्या व्हत्या. दिवसाआड टँकर यायचा. लाईनीत माणसं नाय, हंडे उभे राहायचे. हंडा लावला म्हणजे माणूस उभा, हा आमच्याकडचा कायदा. मग बाई कामाला जाऊ दे नाय तर भाकरी थापू दे, तिच्या हंड्याला कुणी हात लावायचा नाय. टँकरचा हॉर्न वाजला की सगळ्या जणी पळत यायच्या आन् आपापल्या हंड्यामागं उभ्या राहायच्या. आपला हंडा वळखू यावा म्हणून मी त्याच्यावर निळ्या ऑइलपेंटचा पट्टा वढला व्हता. त्या दिवशी माझा हंडा सगळ्यात शेवटी. टँकरवर हे, नवेच डायवर. पुढच्यांचं भरलं, मधल्यांचं भरलं, माझ्यापाशी आले, पाइप झटकला आन् म्हणले, “संपलं.”

मग मी काय सोडते का. “संपलं म्हणताना जीभ कशी झडत नाय तुमची,” इथून जी सुरू झाले ते टँकर गल्लीबाहेर जाईपर्यंत. हा माणूस एक शब्द बोलला नाय. पण पुढच्या खेपेला आला, टँकर लावला आन् पाइप घेऊन सरळ लाईनीच्या शेपटाकडं गेला. पहिला हंडा माझा भरला. मग पुढच्या बायांनी जो दंगा केला, टँकरची समोरची काच गेली त्यात.

यांची मावशी सरूबाई आमच्याच गल्लीत राहायची. ती महिनाभरानं माझ्या बापाकडं आली आन् म्हणली, “तुमची भांडखोर पोरगी आमच्या कचरूला पसंत हाय.” विहारात लग्न लागलं. पंचशील म्हणताना हे एवढे लाजत व्हते की भन्तेजींनी दोनदा म्हणायला लावलं.

संसारात पडल्यावर मला कळलं की माणूस मुका नाय, पाण्याचा विषय निघाला की बोलतो. लहानपणी, बहात्तरच्या दुष्काळात, हे वैजापूरकडं आपल्या आईबरोबर तलावाच्या कामावर व्हते. माती वाहायची, दगड फोडायचे. पोरांनी, बायांनी, सगळ्यांनी मिळून मोठा खड्डा खणला. पण तो भरायच्या आधीच पोटापायी गाव सुटलं, आन् आपण खणलेल्या तलावात पाणी कसं दिसतं ते यांनी बघितलंच नाय. “पारू, ह्या टोकाचा माणूस त्या टोकाला दिसत नव्हता, एवढा खड्डा,” हे सांगायचे. “तो भरला असंल तर कसा दिसत असंल?” मी म्हणायची, “जाऊन बघून या की.” जायला सवड कुठं व्हती. दुष्काळात टँकर थांबत नाय, आन् दुष्काळ सरला की आमच्या शहराचं पाणी पुरत नाय.

शहर वाढलं ते माझ्या डोळ्यादेखत, पण खरं बघितलं ते यांनी. आमच्या शेजारच्या सातारा गावाकडं गेलं, बीड बायपासला गेलं, हर्सूलच्या पल्याड गेलं. आधी बिल्डिंग यायची, मग माणसं, मग यांचा टँकर. नळ यायचा तवा येईल. बिल्डिंगींची नावं तरी कशी, एकीचं सागर, एकीचं सरोवर, आन् खालच्या टाकीत पाल मरून पडलेली. तिथल्या शिकल्यासवरल्या बायाबी बादल्या घेऊन खाली उतरायच्या, आन् शेवटाला कुणीतरी राहायचंच. त्याला हे सांगायचे, संपलं. जिंदगीभर हा एकच शब्द बोलायचं काम. ज्या दिवशी शेवटाला म्हातारं माणूस नाय तर लेकुरवाळी बाई राहिली असंल, त्या दिवशी हे जेवायला बसायचे आन् भाकरी नुसती कुस्करत राहायचे. मी वळखायची. विचारायची नाय.

एका मोठ्या दुष्काळात हर्सूलचा तलाव पार आटला, तवा लोक गाळ न्यायला जायचे. हे मला घेऊन गेले. तळाला मोठमोठ्या भेगा. हे चालत चालत मधोमध गेले, डोक्यावर हात केला आन् म्हणले, “पाणी इथवर असतं, पारू. आपण आत्ता पाण्यात हावोत.” मी म्हणलं, “चला, ऊन लागंल.” पण खरं सांगते, मलाबी एक घडीभर श्वास घ्यायला भ्या वाटलं.

मग यांचे डोळे गेले. एकदम नाय. आधी बाजूचं दिसंना, टँकर भिंतीला घासला. मग दुसऱ्यांदा घासला. दवाखान्यात काचबिंदू सांगितला. टँकरच्या पाइपातून बघितल्यावानी फक्त समोरचं तेवढं दिसायचं, आन् उजेड कमी झाला की तेबी नाय. दिवस बुडला की मी हात धरायचा. डॉक्टर भले व्हते, म्हणाले, “गेलेली नजर परत येत नाही. आहे ती आपण थेंबांनी धरून ठेवू. पण पुढच्या वर्षाचं मी तुम्हाला सांगत नाही.” रिक्षात बसल्यावर यांनी थेंबांची बाटली खिशात जपून ठेवली. मग म्हणले, “पारू, समुद्र बघायचाय.”

मी म्हणलं, “नळाला पाणी बघायला मिळंना, आन् समुद्र.” बोलायला तसं बोलले, पण घरी जाऊन पहिला फोन विशाखाला लावला. विशाखा आमची लेक, रत्नागिरीला नर्स हाय. ती म्हणली, “लगेच या आई. मे संपला की पावसाळ्यासाठी बोटी बंद होतात.” आम्ही एसटी धरली. मी घरून पाण्याचा कॅन भरून घेतला, परक्या पाण्यानं पोट बिघडतं म्हणून. त्या कॅनलाबी निळा पट्टा, सवय.

आम्ही पोचलो त्या दिवशी बोटींचा शेवटचा दिवस व्हता. विशाखानं दुपार कलल्यावर आम्हाला मांडवीच्या जेटीवर आणून सोडलं, लाईनीत उभं केलं आन् म्हणली, “मला ड्यूटीवर जावंच लागंल. शेवटची बोट दिवस बुडताना जाते. लाईन सोडू नका.” समुद्र समोरच व्हता, पण हे मान खाली घालून उभे. उन्हाची तिरीप डोळ्यात जात व्हती. म्हणले, “इथनं नाय बघायचा. मधी जाऊनच बघू.” लाईन सरकता सरकता दिवस उतरला आन् यांच्या थेंबांची वेळ झाली. थेंब घातले की डोळे मिटून सावलीला बसावं लागतं. मग मी काय केलं? आमच्यात जे करतात तेच केलं. कॅन लाईनीत ठेवला आन् यांना भिंतीच्या कडेला घेऊन गेले. माझा जीव निवांत. हंडा लावलाय म्हणजे आम्ही उभे हावोत.

परत आलो तर लाईन नाय. कॅन खिडकीपाशी कडेला सारून ठेवलेला. बोटीत माणसं केशरी जाकिटं घालून बसलेली, आन् तिकिटाच्या चिठ्ठ्या देणारी बाई खिडकी लावत व्हती.

“ताई, आमचा नंबर व्हता,” मी म्हणलं.

“बोट भरली, मावशी. आज शेवटचीच होती.”

“आमचा कॅन व्हता लाईनीत.”

बोटीत चढणारा एक गॉगलवाला मागं वळून हसला. म्हणला, “मावशी, लाईनीत माणूस उभा राहतो, कॅन नाही.” त्याचं चुकलं असं मी आजबी म्हणत नाय. त्याच्या गावात तसंच असंल. पण माझं डोकं सणकलं. “माणसाचा कॅन सरकवता, तुम्हाला कुणी शिकवलं का नाय,” म्हणून मी तोंड सोडलं. सगळी जेटी बघाया लागली. सूर्य पाण्यापासून हातभर राहिला व्हता. उद्या सकाळची आमची एसटी, उद्यापासून बोटी बंद, आन् पुढच्या वर्षाचं डॉक्टर सांगत नव्हते.

यांनी माझा दंड धरला. “पारू, बास. संपलं म्हणतायत तर संपलं. त्या बाईचा काय दोस हाय त्याच्यात?”

बाईकडं बघून हे हसले. आपल्या जातीचं कुणी भेटल्यावर हसतो ना माणूस, तसं. मी एवढी भांडणारी, माझं अवसान गळालं. तिथंच कठड्याला टेकून मला रडू आलं. जिंदगीभर ज्यानं दुसऱ्याला संपलं म्हणून सांगितलं, त्याला आज शेवटाला मी उभं केलं, आन् तेबी त्याची नजर जायच्या तोंडावर.

चिठ्ठीवाली बाई खिडकीतून बाहेर आली. माझ्याकडं नाय, कॅनकडं बघत व्हती. निळ्या पट्ट्यावर बोट ठेवून म्हणली, “म्हणजे तुम्ही हंडा लावला होता?”

“व्हय.”

“आमच्या वाडीत पण मे महिन्यात असेच लावतात. विहिरी आटल्या की टँकर येतो ना. माझ्या कळशीला लाल चिंधी आहे.”

मी डोळे पुसायचे विसरले. तिच्या पाठीमागं एवढं पाणी की नजर पोचंना, आन् ही सांगतीय टँकर येतो. “समुद्राकाठी टँकर?” मी विचारलं. ती म्हणली, “हे प्यायचं थोडंच आहे, मावशी.” मग बोटीकडं वळून तिनं हाक मारली, “या कॅनच्या मागं कोण होतं?” एका जोडप्यानं हात वर केला. “मग नंबर यांचाच,” ती म्हणली. बोट चालवणारा तिचा भाऊ. तो म्हणला, जागा नाय. ती म्हणली, “आहे. आज शेवटची फेरी म्हणून मी नि वहिनी येणार होतो. आम्ही काय, रोजच बघतो.” वहिनीनं उतरून आपलं जाकीट माझ्या हातात दिलं. मला कुणाला हात जोडायची सवय नाय. तिथं जोडले.

आम्हाला शेपटाला जागा मिळाली. बोट हलली तशी मी यांचा हात धरला. जेटी मागं गेली, काळी वाळू मागं गेली. मधी आल्यावर इंजिन बारीक केलं आन् बोटवाला सांगायला लागला. तो किल्ला, तीन बाजूंनी पाणी. ते टोकाचं दीपगृह. आन् वर टेकडीवर थिबा राजाचा राजवाडा. ब्रह्मदेशाचा राजा, इंग्रजांनी कैद करून इथं ठेवला, तो तिथनं रोज समुद्र बघत बसायचा. ब्रह्मदेश म्हणजे बुद्धाच्या धम्माचा देस. मला त्या राजाचं लई वाईट वाटलं. हे म्हणले, “आमच्या हर्सूलच्या जेलातल्या कैद्याला तलावबी दिसत नसंल.”

मग यांनी मान वर केली.

सूर्य खाली आलता, तिरीप मऊ झालती. यांना समोरचं तेवढंच दिसतं, म्हणून यांनी डाव्या अंगापासून मान वळवायला सुरवात केली. हळूहळू, खणलेल्या तलावाचा काठ शोधत असल्यावानी. उजव्या अंगाला किल्ल्याचा डोंगर आला तवा थांबले. परत डावीकडं गेले. लाटा सोन्याच्या झाल्या व्हत्या, मासे मारायच्या होड्या त्यात काळ्या ठिपक्यायेवढ्या. एवढं पाणी कुणी आणलं नाय, कुणी भरलं नाय, कुणाचा नंबर नाय. ते आपलं व्हतंच. आपण नव्हतो तवाबी व्हतं.

“पारू, पलीकडचा काठ कुठं हाय?”

“पलीकडं काठच नाय.”

“नाय?”

“नाय.”

हे उठून उभे राहिले. बोटवाला ओरडला बसा म्हणून, मी जाकीट धरून ठेवलं. यांनी हर्सूलला केला व्हता तसा डोक्यावर हात केला, आन् मग तो हात तसाच खाली आला. यांच्या डोळ्यातून पाणी गळत व्हतं. मला वाटलं थेंबांचं. थेंबांचं नव्हतं. “लाईन कितीबी लांब लागू दे,” हे म्हणले, “शेवटच्यालाबी पुरंल.”

माझी जीभ कुठं गप बसते. “अहो, पण खारट हाय ते.”

“माहीत हाय मला,” हे म्हणले. “पण संपलं म्हणावं लागत नाय.”

सूर्य पाण्याला टेकला, अर्धा झाला, गेला. बोट माघारी फिरली. उजेड उतरला तसे हे खाली बसले आन् माझा हात चाचपून धरला. मला कळलं, यांचा आजचा दिवस मिटला. मला अजून सगळं दिसत व्हतं. किल्ल्याच्या टोकाला दिवा लागला, पाणी आता जांभळं झालतं.

“पारू, हाय का अजून?” हे म्हणले.

“काय?”

“पाणी.”

“हाय.”

थोडं पुढं गेल्यावर परत विचारलं, “अजून हाय?” मी म्हणलं, हाय. जेटीवरची माणसं दिसायला लागली, वर उभी राहून ती चिठ्ठीवाली बाई हात करत व्हती, तवा यांनी अजून एकदा विचारलं. मी मागं वळून पार लांबवर बघितलं, चांगलं बघितलं, आन् मगच सांगितलं. “हाय,” मी म्हणलं, “लई हाय.”