बिघडलेला नग

मार्करचं टोपण काढलं की त्या वासासरशी मला कागलच्या एमआयडीसीतली ती ओतकामाची फाउंड्री आठवते. सुपरवायझरांचं प्रशिक्षण होतं, विषय होता आपली चूक कबूल करण्याचा. सकाळचं सत्र माझं आणि दुपारचं माझ्या मैत्रिणीचं. पंधरा दिवस राबून मी खेळ, चिठ्ठ्या, रंगीत तक्ते केले होते, आणि लोक ते बघत जांभया दाबत होते. जेवणानंतर ही बाई रिकाम्या हातानं उभी राहिली आणि म्हणाली, "आपल्या हातून बिघडलेला एकेक नग घेऊन या." काळे, तडकलेले नग टेबलावर आले, जळक्या वाळूचा वास खोलीभर झाला, आणि सकाळी मुके बसलेले एक मिशाळ मामा उठले. "ह्यो माझाच हाय. घाई केलती, आन् दुसऱ्या पाळीवर ढकललं हुतं." मग एकेक जण बोलतच सुटला. मी मागं उभी राहून टाळ्या वाजवल्या, पण आतून नुसती जळत होते. निघताना मामा मला म्हणाले, "तुमचं बी चांगलं हुतं की म्याडम, चित्रं लई झ्याक." आता मीही प्रत्येक सत्रात बिघडलेला नगच मागवते. कल्पना कुणाची, असं लोक कौतुकानं विचारतात. मी सांगते, माझीच.