आण्णांच्या सदऱ्यात काढलेली धार

बुधवारी आण्णा, माझे वडील, गेले. त्या वेळी मी हैदराबादला कबड्डीचा सराव करत होतो. मायचा फोन संघाच्या व्यवस्थापकांनी घेतला. मी बूट बदलले आणि देगलूरच्या बसमध्ये बसलो.

मदनूर मागं पडलं की पाट्या तेलुगूतून मराठीत येतात. एरवी मला तिथं बरं वाटतं. त्या दिवशी मात्र रस्ताभर मला मी पहिल्यांदा घर सोडलं ती सकाळ आठवत होती. तेरा वर्षांचा होतो. आण्णांनी मला नांदेडच्या गाडीत बसवलं, खिडकीशी उभे राहिले आणि म्हणाले, "दूध पीत जा. अभ्यास कर. कुणाच्या नादी लागू नको." त्यांच्या लेखी महत्त्वाच्या गोष्टींचा क्रम हाच होता. अभ्यास दुधानंतर.

माझ्यासाठी त्यांनी तेव्हाच म्हैस घेतली होती. आमच्याकडची पोरं नांदेडला, लातूरला शिकायला गेली की गावाकडून एस.टी.नं डबे जातात. इतरांच्या डब्यात भाकरी-भाजी असायची. माझ्या डब्याबरोबर दुधाची किटली यायची. कंडक्टर ती स्वतःच्या पायाशी धरून आणायचा आणि वसतिगृहाच्या दारात हाक मारायचा, "म्हशीचा पोरगा कोण हाय रे?" ज्यांनी गावं सोडली आहेत त्यांना ठाऊक आहे, अशी नावं पुढं बरीच वर्षं चिकटतात.

त्या दुधावर मी कबड्डीपटू झालो, असं आण्णांचं मत होतं. मी कोपऱ्यात उभा राहून चढाईला आलेल्याचा घोटा धरतो. त्या जागेवर बोलावं लागत नाही, म्हणून ती मला आवडते. पुढं हैदराबादच्या एका व्यावसायिक संघानं मला घेतलं आणि मी राज्याबाहेर गेलो. तिथं गुडघा दुखावला. सगळा हंगाम अंथरुणात वाचत काढला आणि वाचता वाचता आधी मटण सुटलं, मग अंडी आणि शेवटी दूध. हैदराबादेत व्हीगन होणं म्हणजे समुद्रात राहून मिठाशी भांडण. आमचा कर्णधार आजही कळवळून म्हणतो, "मटण नक्को तो नक्को, पर शोरबा क्या बिगाडा तेरा?"

पण कर्णधाराला सांगणं सोपं होतं. आण्णांना फोन मी कितीतरी दिवस पुढं ढकलला, मग एकदाचा केला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग, "मंग खायलास काय?"

"सोयाबीन, डाळी, शेंगदाणे."

"सोयाबीन?" त्यांचा आवाज खाली गेला, वाईट बातमी ऐकल्यासारखा. "आरं, ढेप करून जनावराला घालत्यात ते. मी तुला माणसाचं खाऊ घालून वाढवलं, अन् तू जनावराचं खायलास. म्हशीच्या तोंडचं तू काढून घ्यायचं, अन् तिचं दूध प्यालो तर पाप मला?"

या युक्तिवादाला उत्तर मी अनेक पुस्तकांत शोधलं. अजून सापडलेलं नाही.

गावात त्यांनी सांगून टाकलं की डॉक्टरनं माझं दूध बंद केलंय. मुलगा आजारी आहे हे सांगताना मान खाली जात नव्हती. त्यानं आपण होऊन दूध सोडलं हे सांगताना गेली असती. परिणाम असा झाला की सणाला गेलो की दारात औषधं घेऊन माणसं उभी. कुणी माहूरच्या गडावरून अंगारा आणलेला, कुणी ओव्याचा काढा. धर्माबादहून एक स्थळ आलं होतं. त्यांनी मध्यस्थाला बाजूला घेऊन विचारलं, "मुलाला नेमकं काय झालंय?" मध्यस्थ म्हणाला, "काही नाही, फक्त दूध पचत नाही. आता सोयाबीनवर आहे." स्थळ परत गेलं.

मग एक व्हिडिओ आला. प्राण्यांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या कार्यक्रमात मी बोललो होतो. दूध वासराचं असतं, आपण ते घेतो, असं काहीतरी. आयुष्यात इतकं लांब मी पहिल्यांदाच बोललो. गावाच्या ग्रुपवर तो कुणीतरी टाकला. आण्णा तेव्हा डेअरीच्या रांगेत होते, हातात भरलेली किटली. लोकांनी तिथंच त्यांना तो दाखवला.

ते मला एवढंच म्हणाले, "तुझा व्हिडिओ बघितला. शर्ट चांगला होता."

त्यानंतर आमच्यात दुधाचा विषय निघाला नाही. पावसापाण्याचं बोलायचो. त्यांना मी नाकारलंय असं त्यांना वाटलं का, हे विचारायचं राहून गेलं आणि बुधवार आला.

राख सावडून आम्ही घरी आलो तर गोठ्यात चांदी हंबरत होती. माझ्यासाठी घेतलेल्या त्या पहिल्या म्हशीची ही लेक; कपाळावर पांढरा ठिपका म्हणून चांदी, बाकी कोळशासारखी. ती व्यायल्यावर थोड्याच दिवसांत तिचं रेडकू दगावलं होतं आणि तेव्हापासून ती फक्त आण्णांच्या हाताला पान्हवायची. ते गेल्यापासून तिनं थेंब दिला नव्हता. माय बसली, लाथ. नागोराव काका, म्हणजे आण्णांचे धाकटे भाऊ, बसले. त्यांची चरवी उकिरड्यात जाऊन पडली. कास दगडासारखी झाली होती. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "आधी हातानं रिकामी करा. मग हळूहळू आटवता येईल. नाहीतर सडं जातील."

काकांनी पटका सारखा केला. "धार देईना तर ठिवून काय करायचं? बाजारात नेतो. गिऱ्हाईक हाय."

भाकड म्हैस बाजारातून कुठं जाते, याच विषयावर मी शहरात भाषणं करतो.

"मी काढतो," मी म्हणालो.

काकांनी माझ्याकडं, मग माझ्या मुंडण केलेल्या डोक्याकडं पाहिलं. "तू? आरं, तू तर दुधाच्या इरोधात हायस ना?"

"हाव."

"मंग?"

मी चरवी धुऊन आणली.

मी बसलो. चांदीनं वास घेतला आणि शेपटीचा फटका माझ्या ताज्या टकलावर दिला. दु:खाला आलेली माणसं ओसरीवरून बघत होती. त्यांतल्या एकाला हसू आवरेना, म्हणून तो खोकल्याचं निमित्त करून परसात गेला.

माय उठली. आण्णांचे कपडे तिनं वाटून टाकायला गाठोड्यात बांधले होते. त्यातून एक सदरा आणि धोतर काढून माझ्या अंगावर टाकलं. "हे घाल. वास वळखंल ती. आन् बोलत ऱ्हा. मुक्यानं न्हाई देत. हे रोज बोलायचे तिच्याशी. ते बी तेलुगूत."

हे मला माहीत होतं. पहिली म्हैस आण्णांनी सीमेपलीकडच्या बाजारातून आणली होती. तिला मराठी कळत नाही असं त्यांचं ठाम मत होतं, म्हणून ते तिच्याशी तेलुगू बोलू लागले. चांदी आमच्याच गोठ्यात जन्मली, तरी तिच्याशीही तेच. मातृभाषा म्हणायचे.

आण्णांचा सदरा मला खांद्यात घट्ट झाला. त्याला तंबाखूचा आणि पेंडीचा वास होता. मी चांदीच्या पोटाला डोकं टेकवून म्हणालो, "रा तल्ली, रा." ये माय, ये. पुढं काय बोलायचं? हैदराबादेत शिकलेलं माझं तेलुगू तीनच गोष्टींपुरतं होतं: रिक्षावाल्याशी घासाघीस, पंचाशी वाद, आणि तो व्हिडिओ, कारण ते भाषण मी तेलुगूतही पाठ केलं होतं. म्हशीशी घासाघीस करायची ती वेळ नव्हती. मी भाषण सुरू केलं. हे दूध तुझ्या लेकराचं आहे. आम्हाला ते घेण्याचा हक्क नाही.

दुसऱ्या वाक्याला तिनं पान्हा सोडला.

माझी भाषणं बऱ्याच लोकांनी ऐकली आहेत. इतका परिणाम कुणावर झालेला मी पाहिला नाही. चरवी भरली. दुसरी आणावी लागली. सुतकातलं दूध डेअरीवर चालत नाही, शेजारी घेत नाहीत; पण घरातल्या पाहुण्यांना चहा चालतो, असा निकाल काकांनी स्वतःच दिला आणि पहिला कप स्वतःच उचलला. आण्णांच्या दु:खाला आलेला प्रत्येक माणूस त्या आठवड्यात माझ्या हातचं दूध प्याला. कोरा चहा पिणारा मी एकटाच.

मायनं सदरा वाळत टाकताना मला थांबवलं.

"तुझा व्हिडिओ आला ना, तवा डेअरीवरनं आले अन् जेवले न्हाईत. तडक हिच्याकडं जाऊन बसले."

"काय म्हणाले?" मी विचारलं. 

"तेलुगूतच म्हणाले, चांदे, पोरगं तुझ्या बाजूनं बोलायलंय बघ. लई चांगलं बोलायलंय. माझ्या बाजूनं बोलणारं एक बी न्हाई." माय हसली, आण्णा गेल्यानंतर पहिल्यांदा. "मंग पेंड जरा जास्ती टाकली तिला."

मी गोठ्यात गेलो आणि चांदीला पाणी पाजलं. 

तेरवं होईपर्यंत मी राहिलो. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे धार कमी कमी करत नेली आणि चांदी आटली. काका म्हणाले, आता तर खरीच भाकड झाली, आता तरी ऐक. मी मायकडं पाहिलं. ती म्हणाली, "भाऊजी, ती ह्याच्यासाठीच ठिवलेली हाय. ह्यानं दूध सोडलं म्हणून काय म्हैस त्याची न्हाई का?" विषय संपला.

हैदराबादेत माझी खोली आहे, संघ आहे, सोयाबीनचं दूध मिळणारं दुकान आहे. मी तिथं राहतो. तिथं माझं चांगलं चाललंय. मायला चल म्हणालो तर ती म्हणते, म्हशीला पाणी कोण पाजंल? माझ्यासारखे बाहेर गेलेले मित्र विचारतात, आता गावाकडं काय उरलंय तुझं?

माय आहे. दारात म्हैस आहे, ती दूध देत नाही. चहासाठी माय दुकानातून दुधाची पिशवी आणते.