टाळू भरली न्हाई तर

पहिल्या बाळंतपणानंतर सासूबाई बाळाच्या टाळूवर रोज तेल जिरवायच्या. "टाळू भरली न्हाई तर मेंदू सुकतुया," म्हणायच्या. मी कराडच्या कॉलेजात दोन वर्षं सायन्स करून कोरेगावात सून म्हणून आलेली. म्हणजे माझ्या मते तालुक्यातली एकमेव विदुषी. मी व्याख्यान दिलं, "आत्ती, कवटीतनं तेल आत जात नसतंय."

त्यांनी आमच्या ह्यांच्याकडं बघितलं. "तुझ्या बायकूला लय चरबी आलीया रं!"

हे नुसते हसले. 

त्याला आता पन्नासेक वर्षं झाली. गेल्या वर्षी ह्यांच्या मेंदूकडं जाणारी एक रक्तवाहिनी तुंबली. विश्रामबागेतल्या आताच्या घरातून दवाखान्यात नेलं, गुठळी विरघळली, रक्त पुन्हा वाहू लागलं. पण घरी आले ते मला ओळखेनात. बोलणंही जवळपास गेलं.

नात मेंदूवरच संशोधन करते. तिला विचारलं, "रक्त सुरू झालं की गं. मग?"

"आज्जी, मेंदूतलं पाणी काढलं, तर उरतं त्यात निम्म्याहून जास्त चरबीच. पेशींच्या भिंतीसुद्धा तिच्याच. रक्त थांबलं की काही मिनिटांत भिंतींतली चरबी सुटी व्हायला लागते. आणि रक्त परतलं की त्यातल्या ऑक्सिजननं ती..."

"खवट होते? तेलासारखी?"

"तसंच काहीसं."

तेव्हापासून तेलाचा डबा उघडला की मी आधी वास घेते.

परवा दुपारी, सासूबाई गेल्यावर मागं राहिलेली त्यांची पितळी वाटी काढली, तेल कोमट केलं आणि ह्यांची टाळू भरायला बसले. सायन्स कुठं गेलं ते विचारू नका. बोटं फिरू लागली तसे ह्यांनी डोळे मिटले.

"आये," म्हणाले.

मी मागं वळून बघितलं. कुणी नव्हतं. पण माझी बोटं थेट सासूबाईंसारखी फिरत होती, आणि ती तशी फिरवायला कधी शिकल्याचं मला आठवत नव्हतं.

भीती वाटली की मला चावटपणा सुचतो. सासूबाईंचा आवाज काढला, "काय रं, बायकू कशी हाय तुझी?"

मग ओठाचा एक कोपरा हलला. "चरबी... लय."

म्हणजे मी होते! एवढं सगळं खवटलं, तरी त्या डोक्यात कुठंतरी मी चांगली शाबूत होते.

"बलीव तिला," हे म्हणाले.

आता कुठनं बोलवू? ती बया कोरेगावात सासूला कवटी शिकवत बसलेली. तरी उठले. दाराआड जाऊन हात पुसले, पदर सारखा केला, आणि "आले, आले" करत आत आले.

"आवं, मी हाय. बलावलंत न्हवं?"

ह्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मग मान जरा बाजूला काढून माझ्या मागच्या दाराकडं बघत राहिले.