प्लायवुडमागचा खांब

शहापूरच्या बाजारात माझं शिवणसामानाचं दुकान होतं. दोरे, बटणं, लेस, चेन. घर मूळचं जुनं, सागवानी. सगळा भार खांबांवर आणि तुळयांवर, त्यामुळे नव्वदच्या सुमारास मालकांनी त्याची दुकानं केली तेव्हा फारशी तोडफोड लागली नाही. दोन खांबांमधला एकेक खण एकेका भाडेकरूला. पुढे शटर, मध्ये विटांची पातळ भिंत.

माझ्या आणि शेजारच्या घड्याळजीच्या दुकानांमध्ये घरातला पहिला उभारलेला खांब होता. दिसायचा मात्र त्याच्याच बाजूने. दर दसऱ्याला मालक किन्हवलीहून येत, पायरीशी चपला काढत, खांबाला हळदकुंकू लावून तोरण बांधत. घर भाड्याने दिलं होतं. खांब त्यांचा देवच राहिला होता.

एका वर्षी गणपतीनंतर माझं शटर अडकू लागलं. पट्ट्या साफ केल्या, तेल घातलं, कारागीर बोलावला. शटर ठीक होतं. मग माळ्यावर ठेवलेली दोऱ्याची रिळं घड्याळजीच्या बाजूला घरंगळू लागली. म्हणजे तुळई त्या टोकाला खचत होती. माझा माळा, माझं छप्पर त्याच तुळईवर.

घड्याळजीच्या दुकानात तेव्हाच नवं प्लायवुड लागलेलं. खांब त्यामागे गेला होता. शोकेस बसावी म्हणून यानेच तो तासला असणार, असं मी धरून चालले.

"काका, आत काय केलंत?"

"मी काय करनार? मी गणपतीला गावाला. मालकांनीच लावून दिलं, त्यांच्या खर्चानं."

माझा संशय पक्का झाला. फुटकं कौल बदलायला मालकांच्या मागे दोन दोन पावसाळे लागावं लागे. ते फुकट प्लाय देणार?

"उघडून दाखवा."

"नवा प्लाय हाय, ताई. उघडायचा नाय. जीव जळतो का तुमचा?"

माळ्यावरचं जड सामान मी खाली आणलं, काउंटर तुळईखालून हलवला आणि दसऱ्याची वाट पाहिली. मालक आले की त्यांच्यासमोरच प्लाय उघडायला लावायचा.

मालक आले. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी प्लायलाच कुंकू लावलं, वरच तोरण ठोकलं.

"आत पोचतो नमस्कार," म्हणाले.

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. चपला पायातच होत्या.

घड्याळजीही तिकडेच बघत होता. डोळ्यावरचं भिंग त्याने काढून ठेवलं. मालक समोर चहाला गेले तसा तो उठला. "ताई, तुमच्या शिलाई मशीनचा मोठा स्क्रू-ड्रायव्हर आना. माझ्यानं घड्याळंच उघडतात."

आत सागाचा खांब नव्हता. विटांवर उभा केलेला लोखंडी पाइप होता, आणि त्याखालच्या विटा चेपत चालल्या होत्या. तुळईच्या टोकाला करवतीची ताजी खूण. एवढा जुना साग कुठे विकला गेला असेल, हे बाजारात कुणाला विचारायची गरज नव्हती.

"माझ्यावर संशय होता ना?" घड्याळजी म्हणाला.

"होता. पाइप ठोकताना तुम्ही खरंच गावाला होतात ना?"

"तिकीट दाखवू का येश्टीचं?"

दोघांनी आपापली शटरं अर्धी ओढली आणि बाहेर उभे राहिलो. मालक चहा पिऊन आले. त्यांना उतरवलेला प्लाय दिसला, पाइप दिसला. पायरीशी थांबून सवयीने चपला काढायला वाकले.

"आता राहू द्या," घड्याळजी म्हणाला. "आधी टेकू मागवा. तोवर ताईंचं दुकान बाहेर माझ्या बाकड्यावर मांडू."

मी दोऱ्यांचे खोके बाहेर काढायला सुरुवात केली.