सातवं बटण

मिस्त्री विजेच्या कुठल्याही बोर्डाला आधी उलटा हात, म्हणजे पंजाची मागची बाजू, लावायचे. पेचकस नंतर, टेस्टर त्याच्याही नंतर. "सुलटा हात चिकटते ताई, उलटा असला त करंट फेकून देते," हे दर वेळी सांगायचे, जसा काही मला उद्यापासून हाच धंदा करायचा आहे. अमरावतीतल्या आमच्या कॉलनीत निम्म्या घरांचं फिटिंग त्यांच्या हातचं. नाव-आडनाव कुणी विचारलं नाही. मिस्त्री म्हटलं की तेच.

तुमच्याही घरात असं एखादं बटण असेल. दाबलं तर काही होत नाही आणि काढून टाकायची हिंमतही होत नाही. आमच्या बैठकीतल्या बोर्डावरचं सातवं बटण तसं होतं. आई गेल्यावर मी अकोल्याची नोकरी आटोपून या घरात एकटीच राहायला आले आणि जुना बोर्ड बदलायला काढला. नवा बोर्ड सहा बटणांचा. मी मिस्त्रींना म्हटलं, ते सातवं वगळा.

"वगळाले काय लागते? पन त्याचं काम काय होतं, ते त समजू द्या."

झालं! एका दिवसाचं काम तीन आठवडे चाललं. रोज चारच्या उन्हात सायकल फाटकाला टेकवायची, तांब्याभर पाणी प्यायचं आणि दोन वायरी लावलेला बल्ब घेऊन घरभर हिंडायचं. बटणापर्यंत करंट येत होता, बटणातून पुढे जात होता आणि भिंतीत कुठेतरी हरवत होता. माझी कपाटं सरकली, पंखे उतरले, भिंतींवर पेन्सिलीच्या रेघा उठल्या. ते शिडीवर धापा टाकत उभे आणि मी दुखऱ्या गुडघ्यांनी शिडी धरून खाली. खोटं कशाला सांगू, माझा जीव विटला होता.

अशात त्यांच्या मुलीचा अकोल्याहून फोन आला. बाबांना काम सांगू नका म्हणाली. ते विसरतात. एका घरी त्यांनी गीझरची वायर पंख्याच्या बटणाला जोडली होती. फ्यूज उडाला म्हणून निभावलं. ती त्यांना कायमचं घेऊन जाणार होती. चहा देताना मी हळूच विषय काढला. त्यांनी बशी खाली ठेवली.

"मालूम हाये मले. पन ही वायर म्याच टाकली हाये, ताई. सापडली त इथंच राहतो. नाई सापडली त पोरीचं आयकतो."

अकोल्यात मुलीचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट होता. तिथे ना ओळखीचं कुणी, ना हाताला काम. 

दोन दिवसांनी मिस्त्री सकाळीच हजर. सायकल फाटकाला टेकवलीही नव्हती, तशीच अंगणात आडवी टाकली. "ताई, आठोलं! मांगं मोरीच्या वर दिवा होता. तुमचे बाबा म्हनले, घरची बाई भांडे घासते, वल्ल्या हातानं बटन दाबनं चांगलं नाई. म्हनून त बटन बैठकीत देल्लं."

आम्ही मागे गेलो. मोरीच्या भिंतीला वरपर्यंत पांढऱ्या टाइल्स. त्यांनी उलट्या हातानं टाइल्स ठोकून पाहिल्या आणि एक फोडू का म्हणून विचारलं. माझ्या डोळ्यांपुढे आणखी एक आठवडा आणि घरभर धूळ उभी राहिली. शिवाय मुलीचं बोलणं कानात होतंच.

"मिस्त्री, मी याच घरात वाढली. इथं कधीच दिवा नव्हता. तुमी दुसऱ्याच घरचं सांगून राहिले."

"नव्हता?"

"नव्हता."

त्यांनी टाइलवरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, "मंग नसन."

त्याच दुपारी त्यांनी सहा बटणांचा बोर्ड बसवला, सातव्याच्या वायरीला काळी टेप गुंडाळली आणि आठ दिवसांत अकोल्याला गेले.

थंडीत मोरीचा नळ भिंतीतून गळायला लागला. प्लंबरने टाइल्स फोडल्या आणि नळाच्या वरच, मिस्त्रींनी ठोकलेल्या जागी, भिंतीच्या खाचेत गंजलेला होल्डर निघाला. नवीन वायरमनने बैठकीतली ती टेप सोडून वायर जोडली, होल्डर बदलून बल्ब लावला. लागला.

तेव्हा मला आठवलं. मी अकोल्याला नोकरीला लागल्यावर बाबांनी मागची मोरी बांधून घेतली होती. टाइल्स तर आईने त्याहून कितीतरी नंतर लावून घेतल्या आणि होल्डर त्यांच्यामागे झाकला गेला. मी दिवाळीला चार दिवस यायची, बैठकीत बसून फराळ करायची. आई भांडी घासायची तिथे मी कधी गेलेच नव्हते. आणि म्हणे याच घरात वाढली! मला माझीच लाज वाटली.

मी लगेच फोन लावला. मुलीने तो त्यांच्याकडे दिला. "मिस्त्री, दिवा होता. तुमी म्हनलं होतं तिथंच सापडला."

 "नाई ताई. घर तुमचं हाये. तुमी म्हनलं नव्हता, त नव्हताच."

मी तीनदा सांगितलं. चूक माझी होती, हेही सांगितलं. ते माझीच समजूत घालत राहिले. "जिवाले लावून नका घेऊ. वय झालं का होते असं."

मग मुलीने फोन घेतला. बाबा बरे आहेत म्हणाली, जेवतात, झोपतात. फक्त संध्याकाळी घरात कुणी नसलं तर अंधारातच बसून राहतात. बटणाला हात लावत नाहीत. उलटासुद्धा नाही.