बिनकडीचं दार

"आधी पाणी. काम काय पळून चाललंय?"

असं म्हणून काका तांब्या पुढे करायचे. समोरचा दोन घोट पिईपर्यंत त्याचं एक वाक्यही ऐकून घ्यायचे नाहीत.

मोशीत आमच्या सोसायटीसमोर त्यांचं घर होतं. त्यांच्या ओसरीपुढेच आमच्या कंपनीची बस थांबायची. मी चाकणला स्टोअर्स सांभाळते. प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक कामाला क्रम, ही माझी सवय. काकांच्या क्रमात पहिलं पाणी होतं. पुढचं काही ठरलेलं नव्हतं.

घर तसं लहानच. दगडी जोतं, दोन खण, वर एक माडी, आणि ओसरीच्या कोपऱ्यात गळ्यापर्यंत पुरलेला रांजण. गावातले जुने लोक त्याला 'माफीची माडी' म्हणत. इंद्रायणीवर पूल नव्हता तेव्हा पूर आला की वाटसरू इथे अडकायचे. त्यांना पाणी आणि आसरा द्यायचा, दार कुणालाही बंद करायचं नाही, या अटीवर काकांच्या कुणा पूर्वजाला हे घर आणि मागची जमीन सारामाफ मिळाली होती. म्हणून पुढच्या दाराला कडीच नव्हती. आतून नाही आणि बाहेरूनही नाही.

"चोरी नाही होत?" मी एकदा विचारलं.

"चोराला बी आधी पाणी."

त्यांच्या आजोबांनी म्हणे एकदा हौसेनं कडी बसवून घेतली होती. त्याच रात्री ते जत्रेहून परतले, तर आजीनं नवी कडी लावून घेतलेली आणि ती माडीवर गाढ झोपलेली. आजोबा ओसरीवर झोपले. सकाळी उठून त्यांनी आधी कडी उपटली. "सोताच्याच घरचा वाटसरू झाला ना म्हातारा!" हे सांगताना काका मांडीवर थाप मारून हसायचे.

पुढे इनामं गेली. सारा मागायला तलाठी दारात आला, तर काकांच्या वडिलांनी त्याला पाणी दिलं, जेवू घातलं आणि मग सारा भरला. "माफी सरकारनं काढली," काका म्हणायचे, "वाटसरूनं कुठं काढली?" आणि वाटसरू तर रोजचेच होते. रात्रपाळीहून परतणारी पोरं, पार्सलवाले, भर उन्हात बस चुकलेली मी.

मागची जमीन आधीच विकली गेली होती. घर बिल्डरला द्यायच्या कागदावर पुतण्यांच्या सह्या झाल्या, तिथे टॉवर यायचा होता. राहिली फक्त काकांची सही. त्यांना ती करायची नव्हती. "मी हाय तवर दार हाय," एवढंच म्हणायचे.

मी लगेच कामाला लागले. मोठ्या अक्षरांत कागद लिहिला आणि ओसरीच्या खांबाला चिकटवला. एक, बिल्डरच्या माणसांना घरात घ्यायचं नाही. दोन, वकिलांशी बोला म्हणायचं. तीन, सही करायची नाही.

काकांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. "ताई, दोन आन् तीन जमंल. एकच अवघड हाय."

मग बिल्डरची दोन माणसं एका पुतण्याला घेऊन आली आणि ओसरीवर बसली. बोलली फारशी नाहीत, नुसती बसली. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर काका त्यांना पिठलं वाढत होते.

"काका, उठवा यांना!"

"वाटसरू आपल्या मर्जीनं उठतो, ताई."

"ताई, तुमची बस चालली बघा," पुतण्या म्हणाला. खरंच चालली होती. मी धावले.

संध्याकाळी आले तेव्हा ओसरी रिकामी होती. काका ताटं घासत होते.

"गेले?"

"गेले."

"आणि सही?"

त्यांनी ताट विसळलं, पालथं घातलं. "उठंनातच. ह्या दारातनं कुणी मोकळ्या हातानं गेलंय का कधी?"

मी ओळखीच्या वकिलांना घेऊन आले. जबरदस्ती झाली का, असं त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "छ्या! पोरं गुणाची. पोटभर जेवली." वकिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि पेनला टोपण लावलं.

घर पाडायच्या आधी रांजण तरी वाचवावा म्हणून मी दोन माणसं लावली. उकरून काढताना तो तडकला.

काका थेरगावला मुलीकडे गेले, नवव्या मजल्यावर. सवड काढून मी भेटायला गेले. बेल वाजवली. काकांनी आतलं दार उघडलं, पण बाहेरच्या जाळीच्या दाराला कुलूप होतं. मी मुलीला फोन केला. "रागावू नका, ताई," ती रडवेली झाली. "कुणालाही आत घेऊन बसवतात हो. परवा तीन अनोळखी माणसं जेवत होती. मी कामावर जाताना कुलूप लावते, किल्ली शेजारी ठेवते." शेजारचं दारही बंद होतं.

काका पेला भरून आले. "आधी पाणी."

पेला जाळीतून येईना. त्यांनी तो वरून धरून पाहिला, खालून पाहिला. थोडं पाणी फरशीवर सांडलं.

"थांबा हां, ताई. जाऊ नका. बारका पेला हाय कुठंतरी."

ते आत गेले. जाळीची भोकं माझ्या बोटाएवढी होती. त्यातून जाईल असा पेला कुठल्याच घरात नसतो, हे मला कळत होतं. मी "थांबते" म्हणाले.

आतून कितीतरी वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला.