सिस्टरांच्या मशीनची नवी मोटर

आमच्या मोठ्या जाऊबाईंना सगळे ‘सिस्टर’ म्हणतात. सारी नोकरी हॉस्पिटलात नर्स म्हणून झाली, तिथलं नाव घरापर्यंत आलं आणि चिकटलं. दीरसुद्धा त्यांना सिस्टरच म्हणतात. घरात नवीन पाहुणा असला की तो बिचारा दोघांकडे आळीपाळीने बघत राहतो.

निवृत्तीनंतर सिस्टर एका व्यायाम-केंद्रात मदतीला जाऊ लागल्या. तिथे पाठीत जोर नसलेली मुलं येत. आया त्यांना उशांच्या आधाराने बसवायच्या आणि मुलं पुन्हा एका अंगाला कलायची. या मुलांना मापाची खुर्ची हवी, हे सिस्टरांच्या डोक्यात बसलं. दुकानातल्या खुर्च्या एकाच मापाच्या, आणि एकेक नग वेगळा करायला कुठला सुतार तयार होईना. मग त्यांनी सरळ एक जुनं मशीन घेतलं आणि मागच्या गॅलरीत मांडलं. एका टोकाला गोल करवत, मधे रंधा, दुसऱ्या टोकाला ड्रिल. खाली एकच मोटर, आणि पट्ट्यावर सगळं चालायचं.

मी तेव्हा हसले होते. “अहो, या वयात लोक तीर्थयात्रेला जातात,” म्हटलं.

“मी गॅलरीपर्यंत जाते,” त्या म्हणाल्या, आणि शिकल्या. चार चुका झाल्या, पण लहान मुलांच्या प्लायच्या खुर्च्या चांगल्या होऊ लागल्या. दीरांनी कानाचं यंत्र काढून ठेवलं की त्यांना आवाजाचाही त्रास नव्हता.

अडलं ते एका मोठ्या मुलीपाशी. बारा वर्षांची, अंगाने भरलेली. तिच्या वजनाला प्लाय टिकणार नव्हता. तिच्या वडिलांनी एका जुन्या दाराचं कडक लाकूड आणून दिलं. करवतीला ते लावलं की वीतभर कापून मोटर घुमायची, घुसमटायची आणि बंद पडायची. दुसऱ्या दिवशी तर जळका वास सुटला. सिस्टर स्टुलावर बसून राहिल्या. “त्या पोरीला मी शब्द देऊन बसले गं,” एवढंच म्हणाल्या.

तेवढ्यात बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे काका. लिफ्ट दुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेला, मोजकं बोलणारा माणूस. जिन्यात भेटले तर मान हलवायचे, बस. आवाजावरून भांडायला आले असणार, म्हणून सिस्टरांनी आधीच हात जोडले.

“काका, माफ करा. आता दुपारचं लावणार नाही.”

“लावा की,” काका म्हणाले. “पण ती मोटर रडतेय हो. मला खाली बसून ऐकवत नाही. बघू का जरा?”

त्यांनी खाली वाकून पाहिलं, हात लावला आणि पटकन मागे घेतला. “अर्ध्या हॉर्सपॉवरची आहे. प्लायपुरती ठीक. या लाकडाला दीडची हवी.”

“म्हणजे नवी आणून जोडायची?”

“जोडायची, पण नुसती ठोकून भागत नाही.”

पुढचा आठवडा काका रोज वर येत होते. नव्या मोटरची भोकं जुन्या जागेला जुळेनात, म्हणून लोखंडी पट्टी मधे घातली. नवीचा वेग जुनीच्या निम्मा होता, म्हणून तिच्यावर दुप्पट मोठी पुली, म्हणजे पट्ट्याचं चाक, चढवली. भिंतीतली तार बारीक निघाली, तर तिच्यासाठी जाड तारेची वेगळी लाइन ओढली. जुना खटक्याचा स्विच मात्र त्यांनी काढून टाकायचाच म्हटलं.

“चांगला चालतोय की,” सिस्टर म्हणाल्या.

“चांगला चालतो हीच तर भानगड. वीज जाऊन आली की मशीन आपोआप सुरू होतं. हा नवा बसवू. वीज गेली की हा पडतो, आणि हिरवं बटण दाबेपर्यंत उठत नाही.”

सिस्टरांना हे जरा जास्तीचं वाटलं, पण त्यांनी तो बसवू दिला. पहिल्यांदा सुरू करतानाही काकांनी पट्टा चढवू दिला नाही. नुसती मोटर फिरवली, आणि ती नेमकी उलटी फिरली. काकांनी वीज बंद केली, मोटरवरची तारांची डबी उघडून दोन तारांची अदलाबदल केली आणि म्हणाले, “आता ठीक. म्हणून आधी रिकामी फिरवून बघायची.” मग पट्टा चढला आणि कडक लाकूड करवतीतून न कुरकुरता सरकत गेलं. सिस्टरांनी कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. ऑपरेशननंतरचा टाका बघावा तसं त्यांनी ते वळवून वळवून पाहिलं.

खुर्चीचे पाय कापताना एकदा मधेच वीज गेली. पातं थांबलं, लाकूड अर्ध्यात अडकलं. दिवसभराच्या कामाने दमलेल्या सिस्टर विचार न करता अडकलेला तुकडा काढायला दोन्ही हात पात्याशी घेऊन गेल्या, आणि वीज आली. घरातला पंखा फिरू लागला, फ्रिज घरघरला. मशीन जागचं हललं नाही.

मी स्वयंपाकघरातून हे बघत होते. माझ्या हातातलं भांडं पडलं. सिस्टरांनी हात मागे घेतले, हळूच पदराला पुसले, आणि तशाच जिना उतरून खाली गेल्या; मी त्यांच्या मागोमाग गेले. काकांनी दार उघडलं. सिस्टरांनी दहाही बोटं पसरून आपले दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले. हॉस्पिटलात इतक्या जणांच्या हातांना पट्ट्या बांधलेली बाई, स्वतःच्या हातांकडे बघून रडत होती.

काका काय ते समजले. “बसा,” म्हणाले, आणि स्वतः चहा टाकायला आत गेले. मग आतूनच विचारलं, “आधी प्लग काढायचा, हे सांगायचं राहिलं का माझं?”

“सांगितलं होतंत. माझंच चुकलं.”

“मग आता विसरणार नाही तुम्ही.”

खुर्ची झाली. ती घेऊन काका, सिस्टर आणि मी मुलीच्या घरी गेलो. आईने तिला उचलून बसवलं, सिस्टरांनी छातीचा आणि कमरेचा पट्टा लावला, पायाखालची फळी सरकवली. मुलगी बसली ती सरळ बसली. इतकी वर्षं एक हात तिला स्वतःला सावरायलाच लागायचा. आता दोन्ही मोकळे होते. तिने ते थोडा वेळ टेबलावर ठेवून नुसतेच पाहिले. समोर आई पुन्हा परडीतले मटार सोलायला बसली. मुलीने एक शेंग ओढून घेतली, खूप वेळ झटून उघडली आणि दाणे टेबलभर सांडले.

“अजून दे,” ती आईला म्हणाली.

वडिलांनी अख्खी परडीच उचलून तिच्यासमोर ठेवली. काका खाली वाकून खुर्चीचे स्क्रू तपासत होते, निदान दाखवत तरी तसंच होते. सिस्टर जमिनीवर बसून घरंगळलेले दाणे गोळा करत होत्या. घरी येताना त्या मला म्हणाल्या, “माझं एकटीचं काय होतं गं त्यात? किती जणांनी हात लावला तेव्हा ती बसली.”